चारच्या खाली चौदा

"चूक झाली तर एक आडवी रेघ मारा, ताई. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर दिसला की मी आधी फ्रिजच उघडतो." नांदेडच्या अन्नसुरक्षा प्रशिक्षणात तपासणी अधिकारी शरणप्पा सर असं म्हणाले तेव्हा दीपमालाला हसूच आलं होतं. खाडाखोड जपून ठेवायची, हे कुठलं शास्त्र?

तिची वही कायम स्वच्छ. भूकंपानंतर चाकूरच्या पत्र्याच्या शाळेत तिला टापटिपीचं बक्षीस मिळालेलं. घरी वडिलांनी पाहुणे यायच्या आत भिंतीच्या भेगेवर चुना फिरवलेला. आता लातुरात, क्लासेसच्या गल्लीत, मुलींच्या होस्टेलवर ती मेसचं रजिस्टर लिहायची. मालक आदिनाथराव मुलींच्या पालकांना जेवणाआधी रजिस्टर दाखवायचे. "बघा, एक डाग न्हाई!"

त्या सकाळी फ्रिजवर तापमानाचा आकडा चौदा होता. तिनं चौदाच लिहिलं. तेवढ्यात तीन वर्षांच्या लेकीनं, इरानं तिचं कोपर ओढलं, आणि पानाकडे पुन्हा बघताना तिला वाटलं, रोज तर चार असतं. हा पुढचा एक आगाऊच पडला. लेकीचं कपाळ तासातासाला चाचपणारी ही बाई, फ्रिजकडे मात्र परत फिरकली नाही. व्हाइटनर लावला, फुंकर घातली, चार लिहिलं. पान कसं देखणं झालं.

दुपारी स्वयंपाकघरातून दानम्मानं हाक मारली. "दीपाताई, ह्या पनीरचा वास घ्या बरं. मला आंबूस येऊन राहिला."

फ्रिजमध्ये हात घातला तर आत गारवाच नव्हता.

"सगळं टाकून द्या," दीपमाला म्हणाली.

"टाकायचं?" आदिनाथराव रजिस्टर घेऊनच धावले. "अहो, हितं चार लिहिलंय की! दानम्मा, सर्दी झालीया तुम्हाला."

"सर्दी असती तर वास आला असता का, मालक? तुमच्या रजिस्टरला हुंगून बघा."

दीपमालानं नखानं पांढरा पापुद्रा खरवडला. चारच्या आडून चौदा डोकावलं.

"खरवडताय कशाला? उद्या तपासणी हाय!"

"म्हणूनच."

दानम्माचा हात एकदम तोंडावर गेला. "अगं बाई, भार्गवी! सकाळी ह्याच पनीरची भाजी डब्यात दिली की तिला. आत्ताच निघाली ना ती मुदखेडला, सुट्टीला."

दीपमालानं भार्गवीला फोन लावला. तो ऑफिसच्या कपाटात वाजला. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून मुलींचे फोन तिथं जमा करायचे, आणि ही पोरगी घरी जाताना न्यायलाच विसरली होती. मग घरचा नंबर लावला. नुसती रिंग जात राहिली. मालक तोवर फ्रिजवाल्याशी भांडायला गेले होते.

मुदखेडला जायची ती नांदेडची एसटी अजून स्टँडवर उभी असेल तर? तिनं इराला कडेवर घेतलं. पण निघण्याआधी पेन उचललं. चारवर एक आडवी रेघ. शेजारी चौदा, सही, तारीख. कारण: 'न बघता बदलले.' पानाचं रूप गेलं.

आदिनाथराव रोज संध्याकाळी न वाचताच सही ठोकायचे. म्हणून तिनं बरोबर त्यांच्या सहीच्या जागेवर लिहिलं:

'सही नंतर करा. हे वाचणारे जे कोणी असाल, आधी भार्गवीच्या घरी फोन लावा. नंबर कपाटावर चिकटवलाय. कुणी उचलेपर्यंत लावत राहा. तिनं डबा उघडला का, विचारा. नसेल तर फेकून द्यायला सांगा. उघडला असेल तर ती बरी आहे का, तेवढं बघा.'