पात्याचा बाक

आयलर्ट आणि मेनो हे सख्खे भाऊ एम्डेनजवळच्या एका खेड्यात, समुद्राच्या बांधाअलीकडच्या विटांच्या घरात राहत. थोरल्या आयलर्टनं उभा जन्म बेटांवर जाणारी फेरीबोट चालवली होती. धाकटा मेनो दातांच्या कवळ्या बनवायचा. आयलर्टची बायको वारली आणि मेनोनं तर लग्नच केलं नव्हतं, तेव्हा निवृत्त झाल्यावर मेनो आपली बारीक हत्यारं पेटीत भरून भावाकडेच राहायला आला. त्या हत्यारांपायीच दोघांना शर्यतीच्या बोटींचा नाद लागला.

या बोटी हातभर लांबीच्या. बॅटरीवर पळणाऱ्या, काठावर उभं राहून रिमोटनं चालवायच्या. वाळू काढून झालेल्या जुन्या खाणीत पाणी साठून मोठं तळं झालं होतं, तिथं दर रविवारी क्लबची माणसं जमत. बोट चालवायची आयलर्टनं आणि तिला शिस्त लावायची मेनोनं, अशी वाटणी पहिल्यापासून ठरलेली. बोटीला पाण्यात ढकलणारा विकतचा पंखा म्हणजे नुसतं ओबडधोबड पितळ. मेनो त्याची पाती कानशीनं पातळ करी, त्यांना धार लावी, तोल साधी आणि शेवटी पात्याच्या कडेला पकडीनं नखाएवढा बाक देई. सगळी करामत त्या बाकात होती. तो जमला की बोट पाणी सोडून वर येई आणि पंख्याच्या जोरावर जेमतेम टेकत धावे. मग मागच्या दोन पट्ट्या वरखाली करून आणि बॅटरी मागेपुढे सरकवून तिचं नाक किती उचलायचं ते ठरवायचं. बॅटरी बोटभर मागे गेली तर बोट हलकी होई, त्याहून मागे गेली तर वाऱ्यात पतंगासारखी उलटे.

“तिची कवळी बसवलीस का रे नीट?” आयलर्ट दर रविवारी विचारायचा.

“बसवली. पण तू चावू नकोस कुणाला,” मेनो म्हणायचा.

ईस्टरनंतरच्या एका रविवारी ती जवळजवळ चावलीच. एक बोट उलटली होती आणि क्लबमधली गेशं नावाची बाई होडीतून वल्ही मारत ती आणायला निघाली होती. शर्यत थांबल्याचा पुकारा झाला, बाकीच्यांनी आपापल्या बोटी काठाला घेतल्या, आणि आयलर्टची बोट मात्र भरवेगात गेशंच्या होडीला घासून गेली. गेशंनं वल्हं वर घेतलं नसतं तर हाताचं काही खरं नव्हतं. आयलर्ट हसला, म्हणाला, जरा घाबरवली तिला. सगळे हसले. गेशं हसली नाही, आणि मेनोही.

कारण मेनोला बरंच काही दिसलं होतं. चहात साय सोडताना आयलर्टचा चमचा कपाच्या बाहेर जाऊ लागला होता. पेपर तो मान तिरकी करून वाचायचा आणि थोड्या वेळानं तसाच ठेवून द्यायचा. समोरच्या माणसाशी बोलताना त्याची नजर त्याच्या कानाकडे लागलेली असायची. मेनोनं डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय काढून पाहिला. आयलर्ट म्हणाला, वादळात मी वाळूच्या दांड्यांमधून जहाज काढलंय, मला डोळ्यांचं शिकवू नकोस. आणि तो खोलीतून निघून गेला.

सरळ सांगायला हवं होतं. पण त्या माणसापाशी बोटीशिवाय उरलं काय होतं, आणि तीही काढून घ्यायची ती आपण, हे मेनोला झेपेना. त्यानं दुसरा मार्ग धरला. शेडमध्ये बसून पंख्याच्या पात्याचा बाक थोडासा उतरवला. बॅटरी पुढे घेतली. मागच्या पट्ट्या किंचित खाली दाबल्या. पुढच्या रविवारी बोट पाण्यात बसून धावली. वेग कमी झाला आणि आयलर्टला वळणं जमली. मेनोला हायसं वाटलं. मग जरा काही चुकलं की तो बाक आणखी थोडा उतरवायचा. पाती हळूहळू सपाट होत गेली.

आयलर्ट शेवटून पहिला येऊ लागला. आधी त्यानं बॅटरीला दोष दिला, मग मोटरला. मेनोनं मोटर खोलून पुन्हा बसवल्याचं नाटक केलं. जुलैपासून आयलर्टनं दोष देणंच सोडलं. आता तो शर्यत संपली की रिमोट मेनोच्या हातात द्यायचा आणि गाडीत जाऊन बसायचा. घरी जेवणात लक्ष नाही, दाढी वाढलेली. एकदा तो खिडकीशी बसून स्वतःचे हात उलटसुलट करून पाहत होता. मेनोनं विचारलं, काय झालं. तो म्हणाला, “डोळे जातायत ते मला कळतंय रे. तुला वाटतं मला कळत नाही. पण हातसुद्धा गेले. बोट काय करतेय तेच मला समजेनासं झालंय.”

त्याच वेळी सांगता आलं असतं. हात ठीक आहेत, बोटच मी बिघडवलीय, एवढंच.  मेनो चहा करायला उठला.

फुटलं ते वुब्बोमुळे. हा गाद्या शिवणारा वुब्बो शर्यतीत आयलर्टचा जुना प्रतिस्पर्धी. सप्टेंबरात एकदा तो सहज बोलून गेला की तुमची बोट फार ओली, पाण्यात बसून धावते, आमच्या कवळीवाल्याचा हात बिघडला की काय. मेनोनं हसण्यावारी नेलं.  घरी आल्यावर मात्र आयलर्ट शेडमध्ये गेला, बोट उलटी केली आणि पंख्यावरून अंगठा फिरवला. मेनो दारात उभा होता. आयलर्ट पात्याच्या कडेवरून पुन्हा पुन्हा अंगठा नेत होता.

“बाक कुठंय?”

मेनोनं नजर बाकड्यावरच्या पकडीकडे वळवली.

“कधीपासून?”

“गेशंच्या होडीचं झालं तेव्हापासून.”

आयलर्टनं बोट हळूच बाकड्यावर ठेवली. “अख्खा उन्हाळा,” तो म्हणाला. “अख्खा उन्हाळा मला वाटत राहिलं की मी संपलो.”

त्यानंतर घरात बोलणं जवळपास बंद झालं. चहा व्हायचा, तिथल्या रिवाजाप्रमाणे माणशी तीन कप व्हायचा, पण मुक्यानं. ऑक्टोबर लागल्यावर एके सकाळी आयलर्टनं स्वतःहून तोंड उघडलं. एकदाच, म्हणाला, एकदाच ती जशी होती तशी करून दे. मेनोनं अट घातली की शर्यतीत नाही, आडवारी जायचं, तळ्यावर कुणी नसताना. आयलर्टनं मान हलवली.

मेनोनं नवा पंखा घेतला आणि जीव ओतून घडवला. बाक असा दिला की तसा त्याच्या हातून आधी कधी साधला नव्हता. बॅटरी मागे घेतली. बुधवारी दोघं तळ्यावर गेले. वारा पडलेला, आभाळ राखाडी, काठावर चिटपाखरू नाही. मेनोनं बोट पाण्यात सोडली.

ती उठली ती बोटीच्या बुडाखालून हात घालता यावा इतकी उठली. मागं पाण्याचा पिसारा, आणि पंख्याचा तो उंच, एकसुरी आवाज. आयलर्ट डोळे मिटून उभा होता. आवाजावरून तो ओळखत होता की बोट कुठल्या वळणावर आहे, नाक कधी हलकं होतंय, दाब कधी सोडायचा. वळणाची खूण म्हणून तरंगणारा एकही बोया त्याच्याकडून चुकला नाही. मेनोनं पाहिलं, भावाच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला होता. हातांना काहीच झालेलं नव्हतं.

लव्हाळ्यातून एक चांदवा पाणपक्षी बाहेर पडला, काळाभोर, कपाळावर पांढरा टिकला. तो सावकाश पोहत मोकळ्या पाण्यात आला. मेनो ओरडला, पण पंख्याच्या आवाजात ते आयलर्टपर्यंत पोचेतो उशीर झाला. धपकन आवाज आला, बोट हवेत कोलांटी घेऊन पालथी पडली आणि तळं एकदम शांत झालं.

“काय होतं?” आयलर्टनं विचारलं. तो डोळे उघडून, मान तिरकी करून पाण्याकडे पाहत होता. त्याला काही दिसत नव्हतं हे स्पष्ट होतं.

लाकडाचा ओंडका म्हटलं असतं तर भागलं असतं.

“पक्षी होता,” मेनो म्हणाला. “चांदवा.”

“मेला?”

“नाही अजून.”

आयलर्टनं रिमोट गवतावर ठेवला. “मला वाटलं होतं तू ओंडका म्हणशील,” तो म्हणाला. “जा. तसाच तडफडत ठेवू नकोस.”

मेनोनं काठावरची क्लबची होडी पाण्यात सोडली. पक्ष्याचा एक पंख मुळापासून तुटला होता आणि तो एकाच जागी गोल फिरत होता. मेनोनं त्याला उचललं. तो हाताला उबदार लागला, वाटला होता त्याहून जड. कवळ्या घडवणाऱ्या त्याच्या बोटांनी मान पिरगाळण्याचं काम कधी केलं नव्हतं. पहिल्यांदा नीट जमलं नाही, दुसऱ्यांदा करावं लागलं. पक्षी आणि पालथी बोट घेऊन तो काठाला आला. आयलर्टनं हात पुढे केले, पक्षी घेतला, अंगठ्यानं त्याचं कपाळ चाचपलं. मग दोघांनी तो लव्हाळ्यापाशी ओल्या वाळूत पुरला.

 गाडी गावच्या पवनचक्कीपाशी आली तेव्हा आयलर्ट म्हणाला, “पक्ष्याचं माझ्यावर. उन्हाळ्याचं तुझ्यावर. ते मी विसरीन असं म्हणत नाही.”

“म्हणू नकोस,” मेनो म्हणाला.

नोव्हेंबरात आयलर्ट डॉक्टरांकडे गेला. एका डोळ्याचा मधला भाग कायमचा गेला होता, दुसराही त्याच वाटेवर होता. इंजेक्शनांनी थोडा वेळ मिळेल, गेलेलं परत येणार नाही, असं सांगितलं गेलं. ड्रायव्हिंग लायसन्स त्यानं कुणी न सांगता स्वतःहून परत केलं. क्लबला निरोप पाठवला की मी आता येणार नाही. गेशं केक घेऊन घरी आली, तेव्हा त्यानं वल्ह्याच्या त्या प्रसंगाबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ दे रे आयलर्ट, आणि डोळे पुसत लवकर निघून गेली.

बोट वुब्बोनं मागितली. आयलर्ट म्हणाला, देऊन टाक. मेनोनं दिली आणि ती नीट लावूनही दिली. मार्चमध्ये पहिल्या रविवारी तो एकटाच तळ्यावर गेला. वुब्बोनं ती चांगली चालवली, पण वळणावर दाब सोडायला तो जरा उशीर करायचा. त्याला सांगावं असं मेनोच्या मनात आलं, पण ते सांगणं आपलं नव्हे. दुसरी फेरी लागायच्या आत तो निघाला.

घरी आयलर्ट स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता, बोटांनी चाचपत, सावकाश. कुठल्या बोटी आल्या होत्या, कोण पहिलं आलं, त्यानं काहीच विचारलं नाही. मेनोनं कोट काढला, दुसरी सुरी घेतली आणि समोर बसला.

“साल जाड काढतोयस,” थोड्या वेळानं आयलर्ट म्हणाला. “ऐकू येतंय मला.”

मेनोनं सुरीचा कोन बदलला आणि पुढचा बटाटा उचलला.