वटवाघळाची दाई

चिंचेवरून आणखी एक वटवाघूळ धपकन खाली पडलं, तेव्हा धुरपदाबाई पाण्याची कळशी घेऊन राजघाटाच्या पायऱ्या चढत होती. सन एकोणीसशे सत्तावीसचा वैशाख होता. तापीचं पाणीसुद्धा कोमट लागत होतं. झाडावर दोन-अडीचशे वटवाघळं उलटी लटकून पंखांनी वारा घेत होती, अंग चाटून ओलं करत होती. ज्यांना तेही जमेना, ती पडत होती.

तिनं कळशी पडलेल्यांवर ओतली. दोघं-तिघं हलली, सरपटत बुंध्यावर चढली. एक मादी मात्र मेलेली होती आणि तिचे पंख छातीशी गच्च मिटलेले होते. धुरपदाबाईनं ते उलगडले. आत एक पिल्लू आईच्या काखेजवळचं थान तोंडात धरून होतं.

चाळीस वर्षं तिनं बाळंतपणं केली होती. वटवाघळालाही बाईसारखीच छातीला दोन थानं आणि एका खेपेला एकच लेकरू, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पिल्लू पदरात गुंडाळून ती घरी आली.

घर म्हणजे एक खोली. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आळीतली निम्मी माणसं तिच्या हातून जन्मली होती, पण नाळ कापून, बाळाला न्हाऊ घालून झालं की तिचं काम संपायचं. बारशाच्या दिवशी बाळ दुसऱ्यांच्या मांडीवर असायचं.

कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून तिनं पिल्लाला पाजली. दोरीवर जुनं लुगडं टाकलं, त्याला ते लटकू लागलं. वटवाघूळ ज्या तोंडानं खातं त्याच तोंडानं घाण करतं, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण पिल्लू अंगठ्याच्या नख्यांनी लुगडं धरून सुलटं व्हायचं, अंग खराब न करता मोकळं व्हायचं आणि पुन्हा उलटं लटकायचं. ते पाहून तिला एकटीलाच हसू आलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगायला कुणी नव्हतं.

आठ दिवसांनी मोतीलाल दारात आला. कापडाचा व्यापारी, आणि तिच्याच हातचं बाळ. त्याची सून सुमन हिचे दिवस भरत आले होते आणि धुरपदाबाईनंच यायचं हे आधीच ठरलं होतं. त्याची नजर लुगड्यावर गेली. घरात सगळ्या बाया भ्यायल्यात, असं तो खाली पाहत सांगू लागला. असलं जनावर हाताळून बाळंतिणीला हात लावणं बरं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

"मावशी, मी तर नाई मानत. पण घरचे आयकत नाईत. तू आजच याले झाडावर सोडून दे ना."

"उडता येत नाई त्याले अजून. सोडलं का मेलं."

"तुले आमच्या सुमनपेक्षा हे जास्त हाये का?"

धुरपदाबाईनं लटकलेल्या पिल्लाकडे पाहिलं. सुमनचं पोट तिनं दर पंधरवड्याला चाचपलं होतं. मूल आडवं होतं ते तिनंच सरळ केलं होतं.

"सुमनले दुसरं कोणी मिळीन, बाबा," ती म्हणाली. "याले नाई मिळत."

सुमनला दवाखान्यातल्या नव्या नर्सनं सोडवलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. ऐकून धुरपदाबाईनं देवाला हात जोडले. मग आळीतल्या इतर घरांनीही नर्सलाच बोलावलं. कुणी भांडलं नाही, फक्त बोलावणं आलं नाही.

श्रावणापर्यंत पिल्लू खोलीत या भिंतीवरून त्या भिंतीवर उडू लागलं, पिकलं केळं चोखून चोथा थुंकू लागलं. मग ती रोज दिवस मावळताना त्याला चिंचेच्या खालच्या फांदीवर टांगू लागली. कळप पलीकडच्या काठावरच्या जैनाबादच्या दिशेनं नदी ओलांडायचा, काही जण पोटानं पाण्याला शिवून जायचे आणि पोटाचे ओले केस चाटून तहान भागवायचे. पिल्लू नुसतं पाहायचं. एका संध्याकाळी तेही गेलं.

चार दिवस सकाळी ते खालच्या फांदीवर सापडलं. ती जिभेनं टक्‌ टक्‌ करायची, ते मान वळवायचं, केळं घ्यायचं. पाचव्या दिवशी फांदी रिकामी होती. वर शेकडो लटकत होती. वटवाघळाची आई गर्दीतूनही आपलं लेकरू आवाजावरून, वासावरून ओळखते. धुरपदाबाईनं पुष्कळ वेळ टक्‌ टक्‌ केलं. वर दोघा-तिघांनी माना वळवल्या. त्यातलं तिचं कोणतं, की एकही नाही, ते तिला कळलं नाही.

त्या संध्याकाळी ती दाराच्या पायरीवर बसली होती. शेजारचा भिकन कामावरून परतताना थांबला आणि काय पाहतेस म्हणून त्यानं विचारलं.

"काई नाई. बसून राहिली. ये, बस जरा." ती एका बाजूला सरकली.

"नाई मावशी, घरी वाट पाहून राहिले."

"जा मग," ती म्हणाली.

तो गेला. ती मात्र पुन्हा मधोमध सरकली नाही. अंधार पडेपर्यंत तशीच, पायरीच्या एका कडेला बसून राहिली.