पट्टा न सोडलेलं मचाण

मी मचाण बोलतोय. हळूच बोलतो, कारण हललो की करकरतो, आणि करकरलो की माझा मलाच दचका बसतो.

विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडच्या रानात मी एका ओकच्या खोडाला टेकून, तीन पट्ट्यांनी बांधलेला उभा आहे. लोखंडी शिडी, वर बसायची जागा, पुढे बंदूक टेकायला दांडी. दुकानात मला पसंत केलं आर्डिसबाईंनी. त्यांचे यजमान व्हर्लिन पाठीवर टाकून नेता येईल असं हलकं काहीतरी शोधत होते. बाई सरळ माझ्यावर बसल्या, मागे रेलल्या, पाय हलवून पाहिले. "दिवसभर गारठ्यात बसणार तू आणि कंबर शेकणार मी. हेच घे," म्हणाल्या. दुकानदारानेही सांगितलं, हे सोडून काढता येतं, दरवर्षी नव्या झाडाला लावा. तेव्हा व्हर्लिनही खूश झाले.

कसलं नवं झाड! शिकारीचा पहिला मोसम संपला, तरी त्यांनी माझे पट्टे सोडले नाहीत. हरणं इथूनच जातात, मग हलवायचं कशाला? ओक मात्र जाड होत राहिला. पट्टे ताणले, उन्हाने विटले, खारींनी कुरतडले. खालचा तुटून पडला, वरचा तर सालीने गिळूनच टाकला. नोव्हेंबरात शिकारीचा नारिंगी कोट घालून व्हर्लिन येतात, चार दिवस लाडाने वागवतात. मग वर्षभर मी आणि वारा.

त्यातून इथली रीत अशी, की एकाच्या मचाणाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, पोटच्या मुलानेही नाही. त्यामुळे माझी अवस्था कुणी पाहिलीच नाही. आणि व्हर्लिनना आता जवळचं नीट दिसत नाही.

यंदा मोसमाच्या पहिल्या सकाळी ते गुडघा चोळतच आले. मागून कॉफी घेऊन बाई. व्हर्लिननी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मधल्या पट्ट्याचे धागे तुटू लागले. मी करकरलो. माणसाला सावध करायला माझ्याकडे तेवढंच आहे.

"माझ्यासारखंच झालंय बिचारं," म्हणून ते आणखी एक पायरी चढले.

"उतर," बाई म्हणाल्या.

"माझं मचाण आहे, आर्डिस."

"आणि नवरा माझा आहे. उतर."

पुटपुटत ते उतरले. बाईंनी रीत मोडली. हात वर करून पट्टा एकदाच ओढला. वाळलेल्या गवतासारखा तो त्यांच्या मुठीत आला.

व्हर्लिननी ते धागे बोटांनी चाचपले. मग झाडाच्या बुंध्याशी बसले आणि अगदी हळू म्हणाले, "पुढच्या वर्षी हे मी डेनिसला देणार होतो."

डेनिस त्यांचा मुलगा. बाईंनी त्यांच्या हातात कॉफी दिली.

सालीत रुतलेला पट्टा कापायला करवत घेऊन परत येतो म्हणून दोघं गेले. त्यानंतर बर्फ पडलं, वाट बुजली. सालीने गिळलेल्या त्या एका पट्ट्यावर मी लटकून आहे. फार दमलोय. खालून बघणाऱ्याला मी अजून भक्कम वाटतो, याचीच मला धास्ती वाटते. या वाटेने आलात तर माझ्यावर चढू नका. मला फक्त खाली उतरवा.