लीलावतीबाईंची हरकत

विषय पहिला : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

सभासदहो, हा विषय पुकारला की आपण काय करतो? कुणी चहाचा कप शोधतं, कुणी शेजारच्याला मुलीच्या शाळेबद्दल विचारतं. चिटणीस भरभर वाचतात, आपण "मंजूर, मंजूर" म्हणतो आणि पुढे जातो. आज तसं करायला नको. हा विषय इथे उघडाच ठेवू आणि शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

विषय दुसरा : जागा बदलणे

लंडनच्या पिनर या उपनगरातल्या मराठी मित्रमंडळाची सभा दर महिन्यात एका रविवारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरत असे. हॉल जुना होता. हीटर कुरकुरायचा आणि पार्किंगवरून दर वेळी कुणाचं तरी तोंड वाकडं व्हायचं. अध्यक्ष होते कमलाकर कारखानीस. निवृत्त इंजिनिअर, मनाने सरळ, कामाला वाघ. खुर्च्या मांडण्यापासून कप विसळण्यापर्यंत सगळं स्वतः करायचे. त्यांना एका गोष्टीचा फार अभिमान होता : मंडळाचा एकही ठराव कधी मतदानाला गेला नव्हता.

"आपल्याकडे सगळं एकमताने," ते नव्या सभासदांना सांगत. "मतभेद असतील ते गाडीत ठेवून या."

२००८ सालच्या मार्चमधल्या सभेत त्यांनी ठराव मांडला : यापुढची प्रत्येक सभा मोटरवेजवळच्या हॉटेलात, बँक्वेट हॉलमध्ये. भरपूर पार्किंग, खाली गालिचा, वर प्रोजेक्टर. खजिनदार उदयने अनुमोदन दिलं आणि टाळ्या सुरू केल्या. ही मंडळाची पद्धतच होती. टाळ्या पडल्या की ठराव मंजूर.

टाळ्या चालू असतानाच लीलावती साठे उभ्या राहिल्या. वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या यजमानांनी आणि कमलाकररावांनी मिळून हे मंडळ काढलं होतं. यजमान गेल्यापासून त्या एकट्या राहत आणि सभेला बसने येत.

"मला जरा बोलायचंय."

"बोला की वहिनी! चहा होऊन जाऊ दे, मग निवांत बोलू."

"चहाआधीच बोलायचंय. त्या हॉटेलपाशी बस जात नाही."

"अहो, एवढंच ना! कुणीतरी लिफ्ट देईल तुम्हाला."

"कोण?"

उदय हसत म्हणाला, "काकू, टेन्शन नको. गाडी आणि शोफर पाठवतो तुम्हाला, टोपीवाला!"

हशा पिकला. हशात 'कोण' वाहून गेलं. लीलावतीबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग बसल्या.

लॅपटॉपवर इतिवृत्त टिपणारी स्वाती दीडच वर्षापूर्वी पुण्याहून नोकरीसाठी आली होती. तिने हळूच विचारलं, "काका, साठे आजींचं ऑब्जेक्शन मिनिट्समध्ये घेऊ ना?"

"ती त्यांची वैयक्तिक अडचण आहे गं. उगाच कशाला कडवटपणा? 'किरकोळ चर्चेनंतर एकमताने मंजूर' असं लिही."

स्वातीने तसं लिहिलं.

हरकत

मागच्या रांगेतले एक वाचक हात वर करून म्हणताहेत, "एवढीशी तर बाब! एका बाईसाठी सगळ्यांनी कुरकुरत्या हीटरजवळ बसायचं का?" प्रश्न रास्त आहे. तो इथे नोंदवला आहे, खोडलेला नाही. पुढे चला.

विषय तिसरा : पोस्ट ऑफिस

त्याच दिवसांत सरकारने देशभरातल्या छोट्या पोस्ट ऑफिसांना कुलूप लावायला घेतलं होतं. कमलाकररावांच्या घराजवळच्या चेस्टनट पॅरेडवरचं पोस्टही त्यात होतं. ते चवताळले. दारोदार फिरून त्यांनी सह्या गोळा केल्या आणि भागाचे खासदार ऑल्डरिज यांच्या हाती दिल्या. ऑल्डरिज विरोधी पक्षाचे. त्यांनी धडपड करून पार्लमेंटमध्ये या विषयावर अर्ध्या तासाची चर्चा मिळवली, आणि गुरुवारच्या त्या चर्चेला कमलाकररावांना आमंत्रण दिलं.

विषय चौथा : रद्द

अध्यक्षांना पार्लमेंटला जायचं आहे.

विषय पाचवा : सन्माननीय सदस्यांचं भाषण

कमलाकरराव टाय लावून, पत्नी सुनीतीबाईंना घेऊन वेस्टमिन्स्टरला पोहोचले. वरच्या गॅलरीतल्या काचेतून त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हिरवे बाक जवळजवळ रिकामे! दिवसाचं कामकाज संपत आल्यामुळे खासदार भराभर बाहेर पडत होते.

"अगं, ऐकायला कोणीच नाही," ते कुजबुजले. "मतदान कधी आहे?"

"आज मतदान नाही म्हणाला तो दारावरचा माणूस."

"मग हा बोलणार कशाला?"

ऑल्डरिज उभे राहिले. आवाज चढवला नाही, टेबल आपटलं नाही. पोस्टाच्या रांगेबद्दल बोलले, तिथल्या उताराच्या रस्त्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "माझ्या मतदारसंघातल्या मिसेस लीलावती साठे मला भेटायला आल्या होत्या."

कमलाकरराव पुढे वाकले.

"त्या म्हणाल्या, सरकार सांगतं की बहुतेकांकडे गाडी आहे. त्या बहुतेकांत मी नाही. पेन्शन परस्पर बँकेत जमा होईल, हे मला कळतं. पण काउंटरवरची मुलगी मला नावाने हाक मारते. ती हाक बँकेत जमा होत नाही."

मंत्री उत्तराला उभे राहिले. गृहस्थ सभ्य होते. तोट्याचे आकडे सांगितले, अडचणी सांगितल्या. ऑल्डरिज मध्येच उठले. "मंत्रिमहोदय क्षणभर थांबतील का? माझा प्रश्न साधा आहे. मिसेस साठे पुढच्या पोस्टापर्यंत पोहोचणार कशा?"

मंत्र्यांनी कागद चाळले. एकदा, पुन्हा एकदा. मग म्हणाले, "याबद्दल मी सन्माननीय सदस्यांना लेखी कळवीन."

"बघितलंस?" कमलाकररावांनी सुनीतीबाईंना कोपराने ढोसलं. "उत्तरच नाही त्याच्याकडे! कसा गप्प झाला!"

"हं," सुनीतीबाई म्हणाल्या. त्या मंत्र्याकडे बघत नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या.

चर्चेनंतर ऑल्डरिज भेटायला बाहेर आले. कमलाकररावांनी आभार मानले आणि मनातलं बोलून टाकलं. "साहेब, बाक रिकामे, बहुमत त्यांचं. पोस्ट तर बंद होणारच. मग मिळालं काय?"

"बंद होईल बहुधा," ऑल्डरिज म्हणाले. "लोकांनी त्यांना निवडून दिलंय, तेव्हा निर्णय त्यांनीच घ्यायचा. पण बहुमताला 'का' आणि 'कसं' विचारणारं कुणीतरी लागतं. आज एका मंत्र्याला उभं राहून उत्तर शोधावं लागलं, आणि ते सापडलं नाही. आता ते पार्लमेंटच्या इतिवृत्तात छापलं जाईल. त्यांना खोडता येणार नाही, आणि मलाही नाही. उद्या आम्ही सत्तेत आलो ना, तर हीच पानं माझ्या नाकासमोर धरा."

विषय सहावा : अध्यक्षांच्या परवानगीशिवाय ऐनवेळी आलेला

फिंचली रोड स्टेशनला गाडी बदलून दोघं पिनरच्या गाडीत बसले. समोरची सीट रिकामी झाल्यावर सुनीतीबाईंनी सुरुवात केली.

"काय हो, कुणाकडे उत्तर नव्हतं म्हणालात?"

"मंत्र्याकडे. का?"

"वहिनींनी आपल्या सभेतही तेच विचारलं होतं. 'कोण?' म्हणून. तुम्ही तर लेखीही कळवलं नाहीत."

"ते वेगळं गं. मंडळ म्हणजे आपलं घर. घरात कुठे विरोधी पक्ष असतो?"

"मग इतकी वर्षं तुमच्या घरात मी काय करतेय?"

"तू कधी विरोध केलास?"

"बघा! तोही नोंदवला नाहीत."

कमलाकरराव हसले, पण हसू टिकलं नाही. सुनीतीबाई शांतपणे बोलत राहिल्या. "एकमत म्हणजे सगळ्यांना पटलं असं नसतं हो. कधी कधी एकाला खाली बसवलेलं असतं, एवढंच. वहिनी पुढच्या महिन्यापासून आल्या नसत्या. आणि आपण काय म्हटलं असतं? वय झालं, हल्ली येत नाहीत. रविवारचा तो एक दिवस त्यांना कुणी मराठीत हाक मारतं. तेवढंच पोस्ट ऑफिस उरलंय त्यांचं, आणि त्याला कुलूप तुम्ही लावताय."

कमलाकररावांना ऑल्डरिज यांचं भाषण पुन्हा आठवलं. परक्या देशाच्या पार्लमेंटमध्ये साठे वहिनींचं नाव घेतलं गेलं, त्यांचा शब्द कायमचा छापला जाणार होता! आणि त्यांच्याच नवऱ्याने उभ्या केलेल्या मंडळात तो शब्द 'किरकोळ' ठरला! ठरवला कुणी? मीच!

विषय पहिला, पुन्हा

एप्रिलची सभा. हॉटेल पुढच्या महिन्यापासून मिळणार होतं, म्हणून शेवटची एकदा चर्चच्याच हॉलमध्ये. स्वाती इतिवृत्त वाचत होती. "जागा बदलण्याचा ठराव किरकोळ चर्चेनंतर एकमताने मंजूर."

"मंजूर, मंजूर," सभासद म्हणाले.

"नामंजूर!"

सगळ्यांनी मान वळवली. आवाज अध्यक्षांच्या खुर्चीतून आला होता.

"हे इतिवृत्त चुकीचं आहे, आणि चूक स्वातीची नाही, माझी आहे. साठे वहिनींनी हरकत घेतली होती. मी ती लिहू दिली नाही. वहिनी, आज तुम्ही बोला. हवा तेवढा वेळ बोला. मी उत्तर देईन."

लीलावतीबाई उभ्या राहिल्या. "वेळ कशाला हवाय मला? एकच शब्द आहे. कोण? नाव सांगा. आणि दर महिन्याला बरं का. बर्फ पडला तरी, तुमच्या मुलांची फुटबॉल मॅच असली तरी. आज जमेल का हो, असं फोन करून विचारत बसायला मला नाही आवडत. बसला मला विचारावं लागत नाही."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

कमलाकरराव उत्तराला उभे राहिले. पार्किंग सांगितलं. प्रोजेक्टर सांगितला. मग थांबले. 'बघू, काहीतरी सोय करू' हे वाक्य ओठांवर आलं होतं. लेखी कळवण्यासारखंच ते. त्यांनी ते गिळलं.

"वहिनी, माझ्याकडे उत्तर नाही."

मंडळात पहिल्यांदा हात वर करून मतदान झालं. थोड्या मतांनी का होईना, हॉटेलचा ठराव पडला. लोक चहाकडे वळणार, तेवढ्यात उदय उठला. कान लाल झाले होते.

"थांबा! हे मला मान्य नाही, काका. माझी आई व्हीलचेअरवर आहे. या हॉलला पायऱ्या आहेत. हॉटेलला रॅम्प आहे. मला तिला आणायचं होतं. हे कुणी विचारलं का?"

"अरे, तू तरी कधी बोललास?"

"टाळ्या पडत होत्या तोवर बोलायची गरजच पडली नव्हती ना!"

लीलावतीबाईंचा आवाज आला.

"लिही गं स्वाती. त्याचा विरोध पूर्ण लिही, एक शब्द गाळू नकोस. आणि पुढच्या सभेत पहिला विषय तोच घे. उदय, आई यायला हवी हं. माझ्या शेजारी बसव."

हरकत, निकालात

मागच्या रांगेतल्या त्या वाचकांना उत्तर देणं बाकी आहे. एका बाईसाठी सगळ्यांनी अडून बसावं का? नाही. पण एका बाईला उत्तर देण्यासाठी सगळ्यांनी थांबावं, हे मात्र खरं.

आभारप्रदर्शन

चेस्टनट पॅरेडवरचं पोस्ट त्या उन्हाळ्यात बंद झालं. ऑल्डरिज यांच्या भाषणाने ते वाचलं नाही. चर्चच्या पाद्रींनी मात्र पायऱ्यांवर टाकायला लाकडी रॅम्प करू दिला. तो कमलाकररावांनी उदयला हाताशी घेऊन बनवला, आणि पहिल्यांदा त्यावरून चढताना लीलावतीबाई म्हणाल्या, "जरा डावीकडे हलतोय. नोंदवून ठेव गं, स्वाती."

तेव्हा सभासदहो, आपल्या घरात, कचेरीत, मंडळात पुढच्या वेळी टाळ्या सुरू झाल्या की हात जरा थांबवा आणि कोण उभं आहे ते बघा. आज बहुमतात असलेला माणूस उद्या एकटा उभा असतो. त्या दिवशी आपलं ऐकलं जावं असं वाटत असेल, तर आज दुसऱ्याचं ऐका, त्याला उत्तर द्या, आणि उत्तर नसेल तर तसं सांगा. विरोध करणारा माणूस घर मोडत नाही. घरात अजून कोण कोण राहतं, याची तो आपल्याला आठवण करून देतो.