तापलेल्या पत्र्यावरची कड

अनिता आणि तिची धाकटी जाऊ सरिता मुरबाडच्या एका कारखान्यात पत्र्यांवर वार्निश चढवायच्या. टेबलाखाली विजेची कॉइल, वर पत्रा. वार्निश ओतायचं आणि रुंद पट्टीने पुढे सारायचं. त्याची ओली कड न अडता सरकत गेली की काम जमलं. त्यातलं थिनर, म्हणजे वार्निश पातळ करणारं द्रव्य, हळूहळू उडून जायचं, मागे चकचकीत थर राहायचा.

२००१च्या उन्हाळ्यात काम वाढलं. माल लवकर सुकावा म्हणून सुपरवायझर देवजीने टेबल जास्त तापवलं. पण आता कडेतलं थिनर आधीच उडायचं. कड जागीच घट्ट व्हायची, तिथे वरंबा धरायचा आणि पत्रा बाद व्हायचा.

"थिनर वाढवा," देवजी म्हणाला.

"वासानं डोकं गरगरतंय, भाऊ. टेबलाची आच कमी करा ना," अनिता म्हणाली.

"कमी केलं तर आज माल जायचा नाय."

"दे गो वैनी, मी घालते," म्हणत सरिताने अनिताच्या हातातला थिनरचा डबा घेतला आणि पत्र्यावर कलंडवला. थिनर सुकलेल्या वरंब्याला अडलं, बाजूला वळलं आणि पत्र्यावरून खाली कॉइलवर सांडलं. टेबलाखालून भडका उठला. सरिताचं लुगडं पेटलं. अनिताने पोतं ओढून तिला गुंडाळलं, स्वतःचे हात भाजत होते तरी सोडलं नाही.

सरिता इस्पितळातच वारली.

तेराव्यानंतर देवजी घरी आला. "डबा तिच्या हातून निसटला, एवढंच सांगा. मला टेबलाची आच वाढवायला वरून सांगितलं होतं, वैनी."

"मग तुमी वरच्याचं नाव घ्या. मी आच कुणी वाढवली ते सांगणार."

अनिताने पोलिसांना सगळं सांगितलं. देवजीने मात्र वरच्या कुणाचंच नाव घेतलं नाही. एकटा तोच पकडला गेला, आणि महिन्याभरात कारखान्यात दुसऱ्या बाया लागल्या.

एकदा विहिरीवर देवजीची बायको रखमी भेटली. अनिताची बोटं आता मिटत नव्हती, भरलेला हंडा तिला उचलवत नव्हता. रखमीने हंडा उचलून अनिताच्या डोक्यावर ठेवला आणि आपली कळशी घेऊन निघून गेली. इतके दिवस न रडलेली अनिता वाटेत उभी राहून रडली.