मी हवेत फिरलेले जाते

मित्रांनो, मी एक जुने जाते आहे, पण माझी कीव करू नका. मी आज रागात आहे आणि राग आला की दगडसुद्धा बोलतो.

बडोद्याजवळच्या सावली गावच्या बाजारात एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले. तिथून मला कुसुमावतीबाईंनी आणले. त्यांचे यजमान बडोद्याला रेल्वेत होते. ते गेल्यावर बाईंनी तिथल्याच तरसाली भागातल्या घरात मेतकूट दळून विकायला सुरुवात केली. हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, तांदूळ, गहू, मेथी असे सगळे वेगवेगळे भाजायचे आणि मग माझ्या तोंडात मूठमूठ घालायचे. तीस वर्षे आम्ही दोघी राबलो. कुणाच्या घरी ताप आला, कुणाची काविळीतून सुटका झाली, की मऊ भातावर आमचेच मेतकूट असे. मला त्याचा गर्व होता, अजूनही आहे.

मग बाईंचा खांदा दुखावला. तेव्हा निजामपुऱ्यातला गुजराती दुकानदार मयंक घरी आला. "काकी, तुमचं मेतकूट बंद नको पडायला ने! नाव तुमचं, फोटो तुमचा, जातंही तुमचंच. दळायचं काम माझ्या माणसांचं." बाईंना ते पटले. निघताना त्यांनी माझ्यावरून हात फिरवला.

मयंकने मला दुकानाच्या दर्शनी काचेत बसवले. अंगाला चकचकीत पॉलिश केले आणि खाली विजेची मोटर लावली. दगडावर दगड घासला की खरखर होते, म्हणून वरचा दगड बोटभर उचलून ठेवला. दिवसभर मी रिकामी, हवेत फिरत असे. माझ्यासमोर मेतकुटाची पाकिटे रचलेली असत. ती कारखान्यातून बांधूनच येत. पुढे बाईंचा हसरा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'जात्यावर दळलेले'. मागच्या बाजूला मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत वाटाण्याचे पीठ, मका आणि पिवळा रंग. लोक माझ्याकडे बघून पाकीट उचलत. मित्रांनो, खोटे त्याने छापले आणि साक्षीला मला उभे केले! मला लाज वाटत होती आणि संताप त्याहून जास्त येत होता.

एके दुपारी बाई शेजारणीला, निरुपमाला, घेऊन दुकानात आल्या. निरुपमाची मुलगी विषमज्वरातून नुकतीच उठली होती. बाईंचे नाव बघून निरुपमाने पाकीट नेले होते आणि मुलीने पहिल्याच घासाला तोंड फिरवले होते.

"मयंक, हे जातं चालतं ना? मग एवढी डाळ दळून दे."

"काकी, बसा ने, आधी चहा घ्या."

बाईंनी चहाची वाट पाहिली नाही. पिशवीतून भाजलेली डाळ काढली आणि सरळ माझ्या तोंडात टाकली. मी फिरत राहिले. डाळ दोन दगडांमधून सुटली आणि तशीच अख्खी टपटप फरशीवर पडली.

"आ तो आखी दाळ छे!" एक गिऱ्हाईक ओरडले.

मयंकचा चेहरा उतरला. "काकी, ही नुसती शोभा आहे. आजकाल सगळेच असं करतात."

"शोभेला माझं नाव कशाला? माझ्या नावावर लोक आजाऱ्याच्या पानात वाढतात रे! फोटो काढ."

"छापलेली पाकिटं तेवढी संपू देत, काकी."

"बरं," म्हणत बाईंनी दारातले स्टूल ओढले आणि त्यावर बसल्या. येईल त्याला त्या सांगत होत्या, "हा फोटो माझा आहे, मेतकूट माझं नाही." दुखरा खांदा धरून त्या संध्याकाळपर्यंत बसल्या. शेवटी मयंकने सगळी पाकिटे आत नेली आणि मला टेम्पोत घातले.

घरी आल्यावर लक्ष्मण पाथरवटाने माझे पॉलिश खरवडले आणि छिन्नीने टाकी लावली. प्रत्येक घाव झोंबला, पण मी खूश होते. आता बाई आणि निरुपमा समोरासमोर बसून मला ओढतात. पहिले मेतकूट त्या मुलीच्या भातावर पडले.

निजामपुऱ्यातल्या काचेत आता नवे जाते आले आहे म्हणे. ते फायबरचे आहे आणि त्याला तोंडच ठेवलेले नाही. म्हणजे मयंक शिकला, पण भलतेच शिकला.

म्हणून मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी दगड आहे, टिकेन. तुम्ही तुमचे ताट जपा. पाकीट उलटे करून वाचा. काही खटकले तर विचारा. आणि दुकानदाराच्या कानात कुजबुजू नका. चार गिऱ्हाइके उभी असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारा.