शंकासुराचा प्रश्न

प्रयोगशाळेत ताईचा दबदबा होता. पेशी एकमेकींशी रसायनांतून बोलतात, एकीनं सोडलेला निरोप दुसरीला पोचला की तिची चाल बदलते, हे ती असं रंगवून सांगे की ऐकणाऱ्यानं कामधाम विसरावं. आता तर तिला नवाच निरोप सापडला होता. आजारी पेशी ज्या द्रवात वाढल्या, तो तिनं निरोगी पेशींवर ओतला आणि त्या वाढायच्या थांबल्या. ‘थांबा’ सांगणारं रसायन त्यात असणारच! सर हरखून गेले.

एकानंच मोडता घातला. गुबगुबीत अंगाचा तो सहकारी, सगळे त्याला शंकासूर म्हणत. भर बैठकीत तो म्हणाला, "ताई, द्रव वापरलेला आहे. त्यातलं खाणं संपलं म्हणून थांबल्या नसतील ना?"

"तुला भूक लागली की अख्ख्या जगाला लागते का रे?"

सगळे खो खो हसले. पोटावर हात फिरवत त्यानंही हसून घेतलं. पुढे बैठकीत त्यानं तोंड उघडलं नाही आणि डबाही तो एकटाच खाऊ लागला. ब्याद टळली, असं ताईला वाटलं.

शंका मात्र तिच्या डोक्यातून जाईना. शेवटी गुपचूप तिनं त्या वापरलेल्या द्रवात ताजं पोषण मिसळलं आणि मग तो पेशींवर ओतला. दोन दिवसांनी पाहते तर बशी भरून पेशी! कसला निरोप न् कसलं काय, बिचाऱ्या उपाशी होत्या. ताजा द्रव गुलाबी, शिळा पिवळा, हे ती नवख्यांना पहिल्याच दिवशी शिकवायची. आणि स्वतः पिवळाधमक द्रव ओतत बसली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या बैठकीत सर शोध जाहीर करायची भाषा करू लागले. गप्प बसली असती तर खपूनही गेलं असतं. ताई उठली.

"सर, निरोप-बिरोप काही नाही. मी त्यांना उपाशी ठेवलं." तिची मान वर होईना. "याचं बरोबर होतं."

सर शंकासुराकडे वळले. "तुला खात्री होती?"

"करून पाहिलं होतं सर. मागच्याच महिन्यात."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो ना, एकदा."

कुणीच हसलं नाही. हसले असते तर ताईला सोसलं असतं.